टायर रुंद की अरुंद?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने आपल्या रोजच्या कामातील चार गोष्टी सांगावयाच्या, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. पापडखारापासून आयकरापर्यंत नाना विषय या ठिकाणी होऊन गेले. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव धरले आणि विषय विचारला. मी म्हटले, "टायर." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बायकांच्या उपयोगाचे काही सांगाल ना?" आता येताना मी अंगणात उभ्या असलेल्या मोटारी मोजल्या. अकरा आहेत, आणि त्यांतील सात तरी बायकांनीच चालवीत आणल्या आहेत. तेव्हा विषय उपयोगाचा आहे की नाही हे चिटणीसबाईंनीच ठरवावे.

आपल्या चिपळुणात आमचे टायरचे दुकान आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. गेली बावीस वर्षे मी त्यात बसते. पहिली काही वर्षे फक्त गल्ल्यावर आणि हिशेबाच्या वहीपाशी. पुढे गिऱ्हाइकांशी बोलता बोलता मालही समजू लागला. या बावीस वर्षांत जो प्रश्न मला सर्वांत अधिक वेळा विचारला गेला, तोच आज घेतला आहे. टायर बदलावयाचा झाला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, रुंद टायर घाला, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. दुसरा म्हणतो, अरुंदच बरा, पेट्रोल कमी लागेल.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्याच आळीतील एक वहिनी दुकानात आल्या. त्यांची मुलगी कोयनानगरला नोकरीस लागलेली. आठवड्यातून तीन-चार वेळा कुंभार्ली घाट चढून जायचे आणि संध्याकाळी उतरून यायचे. टायर झिजलेले होते आणि पाऊस तोंडावर आला होता. भावाचे म्हणणे, आहे त्यापेक्षा दोन आकडे रुंद टायर घालू. वडिलांचे म्हणणे, मुलीचा पगार सगळा पेट्रोलात जाईल. वहिनी मला म्हणाल्या, "काकू, पैशाचे मी पाहीन. माझी पोर काळोखात, पावसात घाट उतरणार आहे. खरे काय ते तुम्ही सांगा." त्यांना जे सांगितले तेच आज थोडे विस्ताराने सांगते.

प्रथम टायरवरचे अक्षर वाचावयास शिकू या. टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ असे काही तरी लिहिलेले असते. त्यातील १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा ६५ इतकी टायरच्या बाजूची उंची. आर म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ हा आतल्या रिमचा व्यास, इंचांत. पुढे ८८ एच असे असेल तर त्या एका टायरने ५६० किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर वेग सोसावा, असा त्याचा अर्थ. आपल्या घाटात त्या एचचा कस लागण्याचा प्रसंग येऊ नये!

पूर्वीच्या गाड्यांची आठवण ज्यांना असेल त्यांना एक गंमत सांगते. प्रीमियर पद्मिनीचा टायर ५.२० इंच रुंद असे, म्हणजे अवघे १३२ मिलिमीटर. ॲम्बॅसेडरचा ५.९० इंच, म्हणजे दीडशे. तेवढ्या टायरांवर सहा-सात माणसे आणि टपावर होल्डॉल घेऊन लोक बोरघाट चढत. आजच्या साध्या गाडीलाही १६५ किंवा १८५ मिळतो. तेव्हा "अरुंद" म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो तो आपल्या वडिलांच्या काळी रुंद ठरला असता.

आता मूळ प्रश्न. गाडी रस्त्याला टेकते ती कितीशा जागेवर? गाडी आणि आत बसलेली माणसे मिळून १२०० किलो धरा. एका चाकावर ३०० किलो आले. टायरमध्ये हवा ३० पौंड, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. तीनशेला २.१ ने भागले की १४३ चौरस सेंटिमीटर येतात. आपले पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ रुंद असते, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. थोडक्यात, एकेक चाक रस्त्याला टेकते ते पोस्टकार्डापेक्षा किंचित मोठ्या जागेवर. आपली मुलेबाळे घाटातून येतात ती चार पोस्टकार्डांच्या भरवशावर.

आणि आता जी गोष्ट बहुतेकांना पटत नाही ती सांगते. टायर रुंद केला म्हणून हे पोस्टकार्ड मोठे होत नाही. वजन तेच, हवा तीच, मग भागाकारही तोच. रुंद टायरचे पोस्टकार्ड आडवे लांबते आणि पुढेमागे आखूड होते. क्षेत्रफळ जवळपास तेवढेच राहते. जवळपास म्हणते, कारण टायरची स्वतःची बांधणीही थोडा भार उचलते. एवढ्याच आकाराच्या पिठाच्या गोळ्याची एकीने लांबट आणि दुसरीने रुंदट पोळी लाटावी, तसाच हा प्रकार.

मग रुंद टायर घेणारे सगळे वेडे काय? तसे मुळीच नाही. आडवे पडलेले पोस्टकार्ड वळणावर कमी मुरडते. स्टेअरिंग फिरविल्याबरोबर गाडी वळते, ढिलेपणा कमी वाटतो. शाळेत आपण शिकलो की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते. पण रबर हा त्या नियमाला पुरता जुमानणारा पदार्थ नव्हे. भार अधिक पसरून दिला तर ते रस्त्याला अधिक चांगले धरते. शिवाय रुंद टायर बहुधा वेगवान गाड्यांसाठी केलेले असल्याने त्यांचे रबरही पुष्कळदा मऊ असते. तेव्हा कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर जोरात ब्रेक मारला किंवा वळण घेतले, तर रुंद टायर सरस ठरतो, हे मान्य केले पाहिजे. माझे म्हणणे इतकेच की हा सरसपणा जेथे उपयोगी पडतो, तेथे आपली पोर गाडी चालवीत नाही.

पेट्रोलाचे पाहू. टायर लोळताना जो अडथळा होतो तो मुख्यत्वे रस्त्यावर घासण्याने होत नाही. टायरचा खालचा भाग चेपतो, वर गेला की पुन्हा फुलतो, असे मिनिटाला शेकडो वेळा होत असते. चेपताना जेवढी शक्ती घालावी लागते तेवढी फुलताना परत मिळत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते. लांबून गाडी आली की टायरला हात लावून पाहा, कोमट लागेल. ती ऊब आपल्या पेट्रोलाच्या पैशाची आहे. टायरमध्ये हवा कमी असली की चेपणे वाढते, आणि ऊबही वाढते.

या दृष्टीने पाहता नुसती रुंदी हा गुन्हेगार नव्हे. तेवढीच हवा असेल तर रुंद टायर उलट थोडा कमीच चेपतो. पण व्यवहारात रुंद टायर वजनाला जड असतो, त्याला रिम मोठी लागते, रबर मऊ असते, आणि वेगात तो वारा अधिक अडवतो. ही सगळी वजाबाकी जमेस धरली की पेट्रोल जास्त लागते. उलट बाजूचे एक उदाहरण देते. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने २०१३ मध्ये आय-३ नावाची विजेवर चालणारी मोटार काढली. एका भरणीत जास्तीत जास्त लांब जाता यावे म्हणून तिला टायर दिले ते १५५/७० आर १९. रुंदी आपल्या साध्या गाडीइतकी, पण चाक उंच, जुन्या टांग्यासारखे. इतकी महागाची गाडी आणि इतके बारीक टायर पाहून लोक हसत. पण त्यामागे हिशेब होता.

तो हिशेब आपल्या घरापुरता करू. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने २००६ मध्ये या विषयावर अहवाल दिला. टायरचा लोळण्याचा अडथळा शेकडा १० कमी केला तर इंधन शेकडा १ ते २ वाचते, असा त्यांचा निष्कर्ष होता. टायरचा एक जोड ४०,००० किलोमीटर चालला आणि गाडीने लिटरला १८ किलोमीटर ॲव्हरेज दिले, तर २,२०० लिटरच्या वर पेट्रोल लागेल. लिटरला सोयीसाठी शंभर रुपये धरा. सव्वादोन लाखांच्या घरात खर्च जातो. टायरचा अडथळा शेकडा २० जास्त असेल तर त्यावर ४,४०० ते ८,९०० रुपये अधिक पडतील. म्हणजे चार टायर घेतले आणि एक-दीड टायरची किंमत पंपावर पुन्हा मोजली. संसारात ही रक्कम लहान नव्हे, पण मुलीच्या जिवापुढे मोठीही नव्हे. म्हणूनच वडिलांचा पक्षही मी जसाच्या तसा घेतला नाही.

आता खरी गोम. एकाच मापाच्या दोन टायरांतला फरक रुंदीच्या फरकाहून पुष्कळ मोठा असू शकतो. युरोपात २०१२ पासून टायरवर चिठ्ठी लावण्याचा कायदा आहे, आणि २०२१ पासून तिच्यावर ए पासून ई पर्यंत पाच श्रेणी असतात. मोटारीच्या टायरांत ए श्रेणीचा अडथळा एका टनाला साडेसहा किलो किंवा त्याहून कमी. ई श्रेणीचा १०.६ किलो किंवा अधिक. म्हणजे एक टनाची गाडी सपाटीवर लोळत ठेवावयास एका टायरसाठी एक लहान कळशीभर जोर पुरतो, तर दुसऱ्याला दीड कळशीहूनही अधिक लागते. आणि बाहेरून दोन्ही टायर सारखेच काळे! त्याच चिठ्ठीवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचीही श्रेणी असते. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियम काढून लोळण्याचा अडथळा, ओल्यातील पकड आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा ठरविल्या, आणि फ्रिजवर जसे तारे पाहतो तसे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे टायरांनाही मिळू लागले. दुकानदार स्वतःहून दाखवील याची वाट पाहू नका. मी दुकानदारच आहे, म्हणून सांगते.

पूर्वी असे म्हणत की पेट्रोल वाचविणारा टायर निसरडा, आणि धरणारा टायर पेट्रोल खाणारा. ते बरेचसे खरे होते. परंतु १९९२ च्या सुमारास मिशलिन कंपनीने काजळीऐवजी बऱ्याच प्रमाणात सिलिका घातलेले रबर बाजारात आणले, आणि ओल्यातली पकड न गमावता अडथळा कमी करता येतो हे दिसून आले. सिलिका म्हणजे वाळूच्याच जातीचा पदार्थ. आज चांगल्या टायरांत तो असतोच. दोन्ही सवती एका घरात नांदू लागल्या, त्या रुंदीमुळे नव्हे, रबराच्या पाककृतीमुळे.

आता पाऊस. आपल्याकडे चार महिने रस्त्यावर पाणी वाहते, तेव्हा हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानते. चाकापुढे पाणी साचते आणि ते बाजूला सारावयास टायरला वेळ लागतो. वेग वाढला की पाणी सरत नाही, पाचरीसारखे खाली शिरते आणि टायर उचलून धरते. मग स्टेअरिंग हलके लागते, ब्रेकला उत्तर मिळत नाही. गाडी होडी होते. अमेरिकेच्या नासा संस्थेने विमानांच्या चाकांसाठी याचा अभ्यास करून १९६३ मध्ये एक सूत्र प्रसिद्ध केले. खाचांत मावणार नाही इतके पाणी असेल तर तरंगण्याचा वेग टायरमधील हवेवर ठरतो. त्या सूत्राने ३० पौंड हवेला ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतात, आणि हवा २० पौंडांवर उतरली तर सुमारे ७४. हवा न भरण्याचा आळस आपल्याला सतरा किलोमीटर आधीच पाण्यावर ठेवतो.

मोटारीचा रुंद टायर यात आणखी मागे पडतो. त्याला अधिक रुंद पट्ट्यातले पाणी सारावे लागते, आणि पोस्टकार्ड पुढेमागे आखूड असल्याने त्यासाठी वेळही कमी मिळतो. अरुंद टायर सुरीसारखा पाणी कापतो, रुंद टायर पोळपाटासारखा त्यावर बसतो. परशुराम घाटात लाल मातीचा चिखल पातळ होऊन रस्त्यावर पसरला असतो, त्यावरही हेच: पातळ थर कापून खालच्या घट्ट रस्त्याला पोचणारा टायर बरा. वाळूत मात्र सगळे उलट होते. तेथे खाली घट्ट काही नसतेच, म्हणून पसरट टायर आणि कमी हवा यांनी निभाव लागतो. गुहागरच्या किनाऱ्यावर मोटार रुतवून घेणारे पाहुणे दरवर्षी असतात. त्यांच्यासाठी टायर सुचविण्यापेक्षा गाडी रस्त्यावरच ठेवा असे सांगणे स्वस्त पडते.

आता भावाच्या दोन आकडे रुंद टायरकडे येते, कारण त्यात आणखी एक फसगत आहे. मारुतीने २०१८ मध्ये नवी स्विफ्ट आणली तेव्हा साध्या प्रकाराला १६५/८० आर १४ आणि वरच्या प्रकाराला १८५/६५ आर १५ असे टायर दिले. गुणाकार करून पाहा: पहिल्याचा एकूण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६२१. रुंदी वीस मिलिमीटरने वाढली, पण चाकाची उंची तीच राखली. कारखानदार रुंदी वाढविताना बाजूची उंची घटवतो ती यासाठी. आपण मात्र १८५ च्या जागी २०५/६५ आर १५ घातला तर व्यास ६४७ च्या पुढे जातो, म्हणजे शेकडा ४ हून जास्त वाढतो. चाक आतून घासण्याची भीती राहते, आणि मीटर खोटे बोलू लागतो. तो १०० दाखवील तेव्हा गाडी १०४ धावत असेल. याचीच दुसरी बाजू अशी की किलोमीटर कमी मोजले जातात, आणि ॲव्हरेज आहे त्याहून वाईट दिसते. रुंद टायरने ॲव्हरेज फार पडले अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी माप विचारते. थोडा दोष पेट्रोलाचा नसून वहीचा निघतो.

रिमचेही तसेच. १८५/६५ चा टायर पाच ते साडेसहा इंच रुंद रिमवर बसवावयाचा असतो. अरुंद रिमवर फुगीर टायर कोंबला तर तो कडेने नीट टेकत नाही, आणि ज्या पकडीसाठी पैसे मोजले तीच जाते.

वहिनींच्या मुलीच्या गाडीला कंपनीनेच दोन मापे मान्य केली होती. त्यांतले अरुंद माप घेतले, रिम होत्या त्याच ठेवल्या, आणि वाचलेल्या पैशांत ओल्या रस्त्यावर वरची श्रेणी असलेला टायर बसविला. भाऊ जरा हिरमुसला. "दिसायला गाडी गरीब दिसते," म्हणाला. ते खरे आहे, तशी ती दिसते. पावसाळाभर मुलगी महिन्यातून एकदा हवा तपासावयास दुकानात येत होती. तिने मला सांगितले की घाटात ती पूर्वीपेक्षा सावकाश चालवते, कारण पोस्टकार्डाची गोष्ट आईने तिला सांगितली. टायरचे काम किती आणि त्या गोष्टीचे किती, याची फोड मला करता यावयाची नाही.

ज्यांची नोकरी मुंबई-पुण्याकडे आहे, द्रुतगती मार्गावर रोजचे जाणे आहे, गाडी जड आणि जोरदार आहे, त्यांनी कंपनीने मान्य केलेल्या मापांतले रुंद माप घेतले तर मी हरकत घेणार नाही. त्यांना त्याचा उपयोग आहे. मात्र खाचा पाहाव्यात. खाचेच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. झीज त्यांच्या बरोबरीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरलेली असते, आणि टायर बदलावयाचाच. पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्याही आधी बदलावा, असे माझे मत. रुंद असून गुळगुळीत झालेला टायर हा पावसात सर्वांत वाईट सौदा.

हवेचे राहिले. किती भरावयाची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या कागदावर लिहिलेले असते. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही त्याची कमाल मर्यादा, तो भरावयाचा आकडा नव्हे. हवा सकाळी, गाडी थंड असताना पाहावी. पंपावरचा पोऱ्या विचारतो, "ताई, पस्तीस टाकू?" त्याला कागद दाखवावा. स्टेपनी विसरू नये; ती विसरलेली आहे हे नेहमी रात्रीच कळते.

माझा वेळ संपल्याची खूण अध्यक्षबाई करीत आहेत. दाब मोजण्याचे यंत्र मी पिशवीतून आणले आहे. चहा येईपर्यंत ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी किल्ल्या घेऊन अंगणात यावे. अकरा गाड्या आहेत, अंधार पडण्यापूर्वी सगळ्या होतील.